कच्चा पन्ना म्हणून दाखवलेला खडा काचेचा तर नाही ना, घरी कसं तपासायचं?

गोरेगावकरीण
दिरांच्या ओळखीतल्या एकाने तीन रफ (न घासलेले, कच्चे) खडे आणून दिलेत, पसंत पडले तर ठेवा म्हणाला. एक हिरवा, आवळ्याएवढा, वरून धुरकट, हा म्हणे राजस्थानचा पन्ना. एक जांभळा. आणि एक फिकट पोपटी, नाशिककडच्या खाणीतला. हिरव्याने बाटलीवर ओरखडा उठतो म्हणजे तो काच नाही असं त्याचं म्हणणं, पोपटी मात्र सुरीने खरवडला जातोय म्हणून मला तोच खोटा वाटतोय. पैसे अजून दिले नाहीयेत. सासूबाईंना अंगठीत पन्नाच हवाय, प्लीज कोणीतरी नीट सांगा.

रफवाला_दादर
ताई, नुसत्या ओरखड्यावर जाऊ नका. काचेच्या टोकदार कोपऱ्यानेही काचेवर चरा पडतो. आधी दहापट भिंग घ्या, मार्केटमध्ये आयग्लास म्हणतात ते. धुरकट खड्याला खोबरेल तेल चोपडा, आतलं दिसायला लागतं. आत गोल गोल बुडबुडे किंवा पाकाच्या तारेसारख्या वळणदार रेघा दिसल्या तर काच समजा. तुटलेली बाजू शिंपल्यासारखी खोलगट दिसते म्हणून लगेच काच म्हणू नका, स्फटिकही (क्वार्ट्झ) तसाच फुटतो. पन्न्याचा अख्खा रफ सहा बाजूंचा, खांबासारखा असतो. राजस्थानचा पन्ना अभ्रकाच्या काळ्या खडकात सापडतो त्यामुळे अंगाला काळी चमचम चिकटलेली असते, पण लोक काचेला अभ्रकाचा चुरा गोंदाने चिकटवूनही विकतात, तेव्हा ती चमचम जिथे खड्याला टेकते तिथे भिंगातून नीट बघा.

खनिजवेडा
पोपटी खडा प्लीज परत देऊ नका! तो बहुतेक अपोफिलाइट असेल. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडातल्या पोकळ्यांमध्ये तो सापडतो, नाशिक, जळगाव, पुणे सगळीकडे, जगभरचे संग्राहक तो जपून ठेवतात. कठीणपणा मोह्सच्या एक ते दहाच्या मापात साडेचार ते पाच, म्हणजे काचेपेक्षा मऊच, सुरीने खरवडला जाणारच. त्याच्या एका सपाट बाजूवर मोत्यासारखी झळाळी असते ती बघा. अंगठीसाठी मात्र उपयोगाचा नाही, लगेच टवका उडेल.

आता खरी टेस्ट. लॅपटॉपवर पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगल समोर धरून फिरवा (साधा काळा गॉगल चालत नाही), एका कोनात स्क्रीन काळीभोर होते, तिथेच गॉगल स्थिर ठेवून मधे तेल लावलेला खडा धरून हळूहळू फिरवा. पन्ना किंवा जांभळा स्फटिक असेल तर तो उजळतो, विझतो, परत उजळतो. काच काळीच राहते, फार तर कुठेतरी ढगाळ पट्टा दिसतो. एका दिशेने खरा खडाही काळा राहू शकतो म्हणून दोन-तीन बाजूंनी बघायचं. गोमेदासारखे गार्नेट जातीचे खडे खरे असूनही काळेच राहतात, पण तुमच्याकडे तसला नाहीये.

काटेकोर_काका
यात वजनाची भर घालतो. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा हवा, किचनचा चालणार नाही. आधी खडा कोरडा तोला. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि खडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू द्यायचा नाही. जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागायचं, म्हणजे खडा पाण्याच्या किती पट जड ते कळतं. समजा कोरडा २७ ग्रॅम आणि पाण्यात आकडा १० आला, तर २.७, पन्न्याच्या जवळ. १०.८ आला तर २.५, बाटलीची काच. स्फटिक २.६५. शिसं घातलेली काच मात्र बरीच जड भरते, म्हणून हा आकडा भिंगासोबतच वाचायचा.

गोरेगावकरीण
सगळ्यांचे खूप आभार! हिरवा कुठूनही फिरवला तरी काळाच, आत बुडबुडाही दिसला, आणि मिस्टरांच्या मित्राच्या काट्यावर २.५ आलं. जांभळा मस्त उघडझाप करतोय. हिरवा परत देतेय. दुसरा पन्ना घेताना लॅबमध्ये दाखवावाच लागेल का?

रफवाला_दादर
हो ताई, पैसे देण्याआधीच. मुंबईत ऑपेरा हाऊस आणि बीकेसीकडे (वांद्रे-कुर्ला संकुल) रत्न तपासणाऱ्या लॅब आहेत. वरच्या टेस्टमध्ये काच बाजूला पडते, पण लॅबमध्ये बनवलेला पन्नाही पन्न्यासारखाच उघडझाप करतो, तो घरी ओळखू येत नाही. आणि पन्न्याच्या भेगांत बहुतेक वेळा तेल भरलेलं असतं, त्यामुळे तो तापवून बघणं किंवा गरम पाण्यात उकळणं कोणीही सांगितलं तरी करू नका.