मदत हवी आहे: डेव्हिड ब्रॅडली चेनसॉ, इंजिन कोणाचं आणि साल कुठलं?

खटपट्या:
नमस्कार मंडळी. शिकागोजवळच्या एका इस्टेट सेलमधून (घरातलं जुनं सामान विकायला काढतात तो) जुनी चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायची इंजिनाची करवत, उचलून आणली आहे. ती चालवायचा बेत नाही (घरून तंबी मिळाली आहे), पण तिची जन्मकुंडली मांडायची आहे. विषय आडवाटेचा आहे, तरी इथे कोण काय जाणत असेल याचा नेम नाही, म्हणून विचारतो.

पाटीवर ‘डेव्हिड ब्रॅडली’ आणि खाली सिअर्स रोबक, म्हणजे अमेरिकेतली मोठी दुकानदार कंपनी. मॉडेल नंबर ९१७ ने सुरू होतो, मग टिंब, पुढचे आकडे घासून गेलेत. सिअर्सच्या मालात टिंबाआधीचे तीन आकडे पुरवठादाराचे असतात. उदाहरणार्थ ३५८ म्हणजे लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टची पूलन कंपनी. ९१७ म्हणजे ब्रॅडली. हे मूळचे नांगरवाले. सिअर्सने तो कारखाना १९१० मध्ये घेतला. गावाचं नावसुद्धा ब्रॅडलीच, इथून दक्षिणेला कँककीच्या शेजारी. पण साठच्या दशकात कारखाना रोपर कंपनीकडे गेल्यावरही ९१७ चालूच राहिला, त्यामुळे एवढ्यावरून काळ ठरत नाही.

खरी गोम इंजिनाची. त्यावर वेगळीच पट्टी: पॉवर प्रॉडक्ट्स, ग्राफ्टन, विस्कॉन्सिन. टू-स्ट्रोक, एएच मालिका. ही कंपनी इतरांना इंजिनं पुरवायची आणि पुढे टेकम्से या इंजिन कंपनीत गेली. माझ्या पट्टीवर टेकम्सेचा उल्लेख नाही. मग हे इंजिन कारखान्यातूनच बसून आलंय की नंतर कोणी बदललंय?

आणि एक. मागच्या हँडलजवळ मिशिगनमधल्या आयर्नवुडच्या एका हार्डवेअर दुकानाचं स्टिकर आहे. सिअर्स तर आपला माल स्वतःच्या दुकानांतून आणि कॅटलॉगमधून विकायची. मग हे दुकान मध्ये कुठून आलं?

शेवंता:
पेटंटचे नंबर आहेत का बघा, पाटीवर नाहीतर ओतीव भागावर. अमेरिकेत हे नंबर क्रमाने चढत जातात. १९५० चं पहिलं पेटंट २४,९२,९४४. १९५५ चं २६,९८,४३४. १९६० चं २९,१९,४४३. यादीतला सगळ्यात मोठा नंबर धरा. मशीन त्याच्या आधीची नसते. नंतरची कितीही असू शकते, हे मात्र विसरू नका. लोक पेटंटचं साल तेच मशीनचं साल धरून जाहिराती टाकतात, त्यांच्या नादी लागू नका.

जुनाबाजार:
स्टिकरवर पत्ता आहे ना? झिप कोड (तिकडचा पिनकोड) १ जुलै १९६३ ला सुरू झाला. आकडे नसतील तर स्टिकर बहुधा त्याआधीचं. पण ते विक्रीचंच असेल असं नाही. जंगलपट्ट्यात लाकूडतोडे चेनसॉ धार लावायला, चेन बदलायला जवळच्या दुकानात टाकायचे, आणि दुकानदार स्वतःचं स्टिकर चिकटवून मोकळा. मला तरी तेच वाटतं.

कार्ब्युरेटरकडेही बघा. टिलॉटसन कंपनीचा एचएल प्रकारचा असेल तर त्याच्या अंगावर एचएल आणि पुढे एक आकडा ठोकलेला असतो. कंपनी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळा आकडा द्यायची. त्यावरून तो मुळात कुठल्या इंजिनासाठी होता ते कळेल, म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाला हात घालता येईल. चेन कुठली आहे यावर मात्र जाऊ नका, ती दर हंगामाला बदलली जायची.

खटपट्या:
शेवंताताई, जुनाबाजार, आभार. वायर ब्रश मारल्यावर पाटीवर नंबर उमटले. सगळ्यात मोठा २७ लाख १० हजारांच्या घरातला, म्हणजे १९५५ च्या मागे जाता येत नाही. स्टिकरवर झिप नाही आणि फोन नंबर चारच आकडी. तेव्हा पंचावन्न ते त्रेसष्ट हा पट्टा आत्ता तरी धरतो. टेकम्सेचं नाव नसल्याने मी त्याच्या आधीच्या टोकाकडे, म्हणजे पंचावन्न-छप्पनकडे झुकतोय, पण जुन्या पट्ट्या संपेपर्यंत कारखाने तशाच ठोकत राहतात, हेही आहे.

कार्ब्युरेटर टिलॉटसनचाच आहे. आकडा तेलकट थराखाली आहे, रॉकेल लावून ठेवलंय.

आता एकच विनंती. हौटनला मिशिगन टेक विद्यापीठात शिकणारं आपल्यापैकी कोणी आहे का? तिथल्या लायब्ररीत त्या भागातल्या गावांच्या जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्या असतील तर आयर्नवुडची पन्नाशीतली पानं पाहायची आहेत. दुकानाचं नाव व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) कळवतो.