ऑसिलोस्कोप नेण्यासाठी सॅक शिवायची आहे: फोम कोणता, किती जाड?

प्रश्न
2.4 किलोचा ऑसिलोस्कोप (विद्युत संकेतांचा आलेख स्क्रीनवर दाखवणारं उपकरण; 30 × 20 × 11 सेंमी), लॅपटॉप आणि सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या एकाच सॅकमध्ये न्यायच्या आहेत. प्रवास बस, रेल्वे, विमान असा तिन्हीचा. आतून सगळीकडे 10 मिमी स्पंज लावला तर भागेल का?

प्रतिसाद 1
स्पंज अजिबात नको. सॅक आदळली की तो पार चेपतो आणि उरलेला दणका थेट उपकरणाला बसतो. ईपीई फोम (पॅकिंगमध्ये वापरतात तो पॉलिइथिलीनचा फोम) घ्या, घनता साधारण 30 किलो प्रति घनमीटर. तळाला 40 मिमी, बाजूंना 20.

खरी गोम मात्र पायांत आहे. तळ 30 × 11, म्हणजे 330 चौ. सेंमी, पूर्ण टेकला तर दर चौ. सेंमीला जेमतेम 7 ग्रॅम भार. पण टेकतात ते चार रबरी पाय. प्रत्येकी 2 चौ. सेंमी धरले तर तोच भार 300 ग्रॅम होतो, आणि पाय फोममध्ये रुतत जातात. थोड्याच दिवसांत तिथे कायमचे खळगे पडतात. त्यामुळे फोमवर 2 मिमी जाडीचा कडक प्लॅस्टिकचा पत्रा हवाच.

खाचा उपकरणापेक्षा 2-3 मिमी लहान कापा, म्हणजे ते हलणार नाही. नॉब आणि स्क्रीनसमोर फोम कोरून पोकळी ठेवा. दाब चौकटीवर यायला हवा, नॉबच्या दांड्यांवर नाही.

प्रतिसाद 2
लॅपटॉपचा कप्पा पाठीलगत, पण वरून टांगता शिवा. त्याचं बूड सॅकच्या तळापासून 25 मिमी वर राहू द्या. खांद्याचे पट्टे नुसत्या कापडावर शिवू नका, उसवतात. आतून आडवी वेबिंग (जाड विणलेली पट्टी) घालून चौकोन आणि फुली अशी शिवण मारा.

बॅटऱ्यांचं गणित: व्होल्ट × अँपिअर-तास = वॉट-तास. 11.1 × 5 म्हणजे 55.5. 100 पर्यंत केबिनमध्ये चालतं; 100 ते 160 असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. चेक-इन सामानात सुटी बॅटरी कधीच नाही. टोकांवर चिकटपट्टी लावा. केबिन बॅगची मापं शिवण्याआधीच पाहून घ्या.

प्रश्नकर्ता
मग पायच काढून टाकले तर?

प्रतिसाद 1
काही उपकरणांत पायांचेच स्क्रू खोका धरून ठेवतात, म्हणून नको. पायांच्या उंचीएवढा जाड, टणक ईव्हीए (रबरासारखा दाट फोम) घ्या, त्याला चार भोकं पाडा आणि तो पत्र्यावर चिकटवा. पाय भोकांत जातात, तळ सपाट ईव्हीएवर बसतो.