जेलस, एन्व्ही, कव्हेट, यर्न… हे शब्द तुमच्या आयुष्यात कधी आले?

ओनिडा टीव्हीची जाहिरात आठवते ना? शिंगं-शेपूटवाला सैतान आणि 'नेबर्स एन्व्ही, ओनर्स प्राइड'. ऐंशीच्या दशकात मराठी माध्यमात शिकलेल्या माझ्यासारख्या कित्येकांनी 'एन्व्ही' हा शब्द तिथेच पहिल्यांदा ऐकला. आता आठवीतली मुलंही उठता-बसता 'जेलस' म्हणतात. दुसऱ्याकडे आहे ते आपल्यालाही हवंसं वाटणं लाजेचं, असं लहानपणापासून मनावर बिंबवलेलं असतं, म्हणून ते कुणी बोलतच नाही. परक्या भाषेतला शब्द कधीकधी तोंड उघडायला मदत करतो, असं मला मनापासून वाटतं. तुमचा अनुभव लिहा. हातचं राखून लिहू नका.

सातारा
मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. नववीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, हिला नवी सायकल मिळाली तेव्हा मी जेलस झाले. आता ही दुसरीबरोबर डबा खाते, तेव्हाही जेलसच. पण दोन्ही वेळा पोटात वेगवेगळं होतं." मी पुस्तक मिटलं. फळ्यावर दोन गोल काढले, एक तू, एक ती. तिच्याकडे सायकल आहे, तुझ्याकडे नाही, ही एन्व्ही. मग तिसरा गोल काढला. जे तुझं आहे ते ही तिसरी घेऊन जाईल अशी धास्ती वाटते, ती जेलसी. बोलताना इंग्रज माणूसही दोन्हींना जेलसच म्हणतो, हेही सांगितलं. मधल्या सुट्टीत ती मैत्रिणीसमोर जाऊन उभी राहिली. "सायकलचं काही नाही गं. डबा माझ्याबरोबर खा." एवढंच बोलली. दोघी पुन्हा एका बाकावर बसायला लागल्या. वर्गात शिकवलेलं इतक्या लगेच कुणाच्या कामी आलेलं मी क्वचितच पाहिलंय.

वसई
आमच्याकडे हा विषय धर्मशिक्षणाच्या वर्गात यायचा. दहा आज्ञांमधल्या शेवटच्या आज्ञेत इंग्रजीत 'कव्हेट' हे क्रियापद आहे. शेजाऱ्याचं घर, बायको, दास-दासी, बैल, गाढव, यातलं काही कव्हेट करू नको. आम्ही कॅथलिक तिच्या दोन आज्ञा मोजतो, बायको नवव्या आज्ञेत आणि मालमत्ता दहाव्या. मराठी बायबलमध्ये आहे, 'लोभ धरू नको'.
आमच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं. शेजाऱ्यांची विहीर गोडी. आमच्या केळींची पानं कडेने करपायची, त्यांची बाग हिरवीगार. बाबा संध्याकाळी कुंपणापाशी उभे राहून ती विहीर बघत राहायचे. त्यांना शेजाऱ्याचं वाईट व्हायला नको होतं, विहीर हवी होती. एन्व्हीचा रोख माणसावर असतो, कव्हेटचा वस्तूवर, हे मला बाबांकडे बघून समजलं. आणि हेच बाबा मुंबईच्या काकांना पत्र लिहिताना शेवटी न चुकता लिहायचे, 'लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.' एकाच माणसाच्या तोंडी दोन्ही लोभ होते आणि दोन्ही खरे होते.

बेळगाव
थोडक्यात लिहितो. एन्व्ही लॅटिन 'इन्व्हिडिया'वरून आला, आणि त्याच्या मुळाशी आहे पाहणं, वाईट नजरेने पाहणं. आमची आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायची. रोमन बायकांना तिचं म्हणणं लगेच पटलं असतं.

नाशिक
आम्हाला मूल होत नव्हतं त्या काळातलं सांगते. जावेच्या डोहाळजेवणाला मला ओटी भरू दिली नाही. कुणी काही बोललं नाही, फक्त ताट दुसरीच्या हातात गेलं. घरी येऊन वाटलं, मी जळतेय, मी वाईट आहे. समुपदेशक बाई इंग्रजी-मराठी मिसळून बोलायच्या. त्या म्हणाल्या, "तिचं बाळ तुला हवंय का?" मी म्हटलं, नाही हो, माझं हवंय. "मग ही एन्व्ही नाही. यू आर यर्निंग. आस लागलीय तुला." मी त्यांच्यासमोर पोटभर रडले. पुढच्या वेळी जावेच्या मुलीला मांडीवर घेतलं तेव्हा आतून काही आक्रसलं नाही.

लेस्टर, इंग्लंड
शेजारचे आजोबा वारले आणि त्यांच्या कुत्र्याने खाणं सोडलं. त्यांची मुलगी म्हणाली, "ही इज पाइनिंग." मी घरी येऊन शब्दकोश उघडला. या पाइनचा झाडाशी संबंध नाही, तो 'पेन' म्हणजे वेदना, त्या शब्दाचा भाऊबंद आहे. आपलं 'झुरणं'.
तेव्हा सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांचं जेवण अर्ध्या पोळीवर आलं होतं. डॉक्टरांचे रिपोर्ट नॉर्मल होते आणि आम्ही भाज्या बदलून बघत होतो. त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, "अरे, आई झुरतायत." तिकीट काढून त्यांना कराडला पोचवलं. पहिल्याच फोनवर ऐकू आलं, शेजारणीने आणलेल्या मेथीबद्दल तावातावाने बोलत होत्या.

पुणे
स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. रूममेट पास झाला, पेढा हातात दिला, मला गिळता येईना. नंतर निबंधाच्या तयारीत वाचलं की डच भाषेत दोन वेगळे शब्द आहेत, एक समोरच्याला खाली ओढणाऱ्या हेव्याचा आणि एक स्वतःला वर खेचणाऱ्याचा. इंग्रजीत दोन्हींना एन्व्हीच. माझा कुठला हे ठरवायला दोन दिवस गेले. मग त्याच्याकडे नोट्स मागितल्या. त्याने सगळ्या दिल्या, समासात शिक्षकांच्या सूचनांसकट. राज्यव्यवस्थेच्या नोट्स फारच चांगल्या आहेत. इथे कुणी तयारी करत असेल तर सांगा, झेरॉक्स पाठवतो.