८-० ने पुढे असताना सँटानाला १३४ बॉल टाकू द्यायलाच नको होते

डावखुरा:
काल परत १ जून २०१२ ची बेसबॉलची मॅच बघितली, न्यूयॉर्कचे मेट्स विरुद्ध कार्डिनल्स, आणि परत तोच त्रास झाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, योहान सँटाना, मेट्सचा पिचर (बॉल टाकणारा), २०१० ला डाव्या खांद्याचं ऑपरेशन, २०११ चा अख्खा सीझन बाहेर, आणि परत आल्यावर दोन महिन्यांत नो-हिटर, म्हणजे नऊ इनिंगमध्ये समोरच्यांना एकही हिट (बॅटने मारून बेस गाठणं) नाही, तेही आदल्या वर्षीच्या चॅम्पियनना. मॅनेजर टेरी कॉलिन्सने ११५ बॉलच्या आसपास थांबवायचं ठरवलं होतं, टाकले १३४. सहाव्या इनिंगला मेट्सच्या डुडाने तीन रनांचा होमरन मारला तिथेच मॅच संपली होती हो! जिंकलेल्या मॅचसाठी माणसाचा खांदा का पणाला लावायचा? पुढच्याच मॅचला यांकीज टीमने सँटानाला चार होमरन मारले, ऑगस्टमध्ये सीझन संपला, २०१३ ला खांदा परत फाटला आणि मेजर लीगमध्ये तो पुन्हा कधी दिसलाच नाही.

फ्लशिंगकर:
साफ चूक. मी तेव्हा ७ नंबरच्या ट्रेनने जाऊन स्टेडियममध्ये बसलो होतो, आठव्या इनिंगपासून कोणी खाली बसेना. १९६२ पासून ८,०१९ मॅच झाल्या आणि मेट्सकडून एकही नो-हिटर नाही, सीव्हर आणि नोलन रायनसारखे पिचर असून नाही, त्यांनी टाकले ते दुसऱ्या टीमकडे गेल्यावर. तुम्ही ८-० चा स्कोअर बघताय, आम्ही पन्नास वर्षं बघत होतो. आणि मेट्सचा माईक बॅक्स्टर, स्टेडियम आहे त्या क्वीन्सचाच पोरगा, सातव्या इनिंगला कार्डिनल्सच्या मोलिनाचा कॅच घेताना सरळ भिंतीवर आदळला, दुखापत घेऊन बाहेर गेला. त्याच्या खांद्याचं काय मग? त्याने कॅच घेतल्यावर सँटानाला बाहेर काढायचं?

गल्लीक्रिकेट:
मुलतान २००४ आठवलं. सचिन १९४ वर आणि द्रविडने डाव घोषित केला, आमच्या घरी दोन दिवस कोणी धड बोलत नव्हतं. आज वाटतं द्रविड बरोबर होता, टेस्ट जिंकायची होती. पण इथे तर जिंकायचं काहीच उरलं नव्हतं, म्हणून माझं मत डावखुरा यांच्या बाजूने. शिवाय कार्डिनल्सच्या बेल्ट्रानने मारलेला तो बॉल, चुन्याच्या रेषेवर पडलेला स्पष्ट दिसतो, म्हणजे हिटच, पण अंपायरने फाऊल (रेषेबाहेर) दिला, आणि तेव्हा रिप्ले मागायची सोय नव्हती. म्हणजे विक्रम तरी पुरता खरा का?

फिजिओ_पुणे:
मी खांद्याचेच पेशंट बघते म्हणून लिहिते. १३४ बॉलनेच खांदा गेला असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही. कॅप्सूल, म्हणजे सांध्याभोवतीचं आवरण, एकदा फाटून शिवलेली, ती कमी बॉल टाकूनही गेली असती. पण दमलेल्या खांद्यावर शेवटचे वीस बॉल जास्त जड पडतात हेही तितकंच खरं, आणि त्या दिवशी पाच वॉक (चार बॉल बाहेर टाकले की बॅटरला फुकट बेस) दिल्यामुळे आकडा अजून वाढला.

फ्लशिंगकर:
मग सांगा ना, ज्याचा खांदा त्याने ठरवायचं की नाही? सँटाना स्वतः बाहेर यायला तयार नव्हता. तेहतीस वर्षांचा माणूस, दोनदा साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) जिंकलेला, त्याला कळत नव्हतं का?

डावखुरा:
कळत होतं, म्हणूनच तो थांबणार नव्हता. पिचर कधीच स्वतःहून बॉल देत नाही, तो हातातून काढून घ्यायला मॅनेजर असतो. तुमचे पन्नास वर्षं मला कळतात, शेवटचा बॉल, कार्डिनल्सचा फ्रीझ समोर, तीन बॉल दोन स्ट्राईक, म्हणजे अजून एक स्ट्राईक की बाद, आणि तो चेंजअप (फसवायला हळू टाकलेला बॉल) त्याच्या बॅटखालून गेला की माझ्याही अंगावर काटा येतो. पण मॅचनंतरचा कॉलिन्स बघा एकदा. टीमने इतिहास केलाय आणि मॅनेजरच्या डोळ्यांत पाणी, खांद्याची काळजी चेहऱ्यावर. त्याला त्याच रात्री कळलं होतं.