मदत हवी आहे : शस्त्रक्रियेच्या अवजारांच्या निर्जंतुक सेटचा माग रुग्णापर्यंत कसा ठेवता?

रुग्णालयाच्या मानांकनासाठी सीएसएसडीची (अवजारं निर्जंतुक करणाऱ्या विभागाची) कागदपत्रं लावतोय. रोज पहिल्या लोडआधी रिकाम्या ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशीनमध्ये) १३४ अंशांवर साडेतीन मिनिटांची बोवी-डिक चाचणी होते, म्हणजे हवा पूर्ण निघून वाफ आतपर्यंत पोचते का, ते बघतो. प्रत्येक पॅकमध्ये रंग बदलणारा रासायनिक इंडिकेटर असतो. जैविक इंडिकेटर (जिवंत बीजाणूंची चाचणी; पॉझिटिव्ह म्हणजे ते मेले नाहीत) आठवड्यातून एकदा आणि इम्प्लांटच्या प्रत्येक लोडला. इथवर नोंदी चोख.

अडचण पुढची आहे. जैविक इंडिकेटर पॉझिटिव्ह आला, तर शेवटच्या निगेटिव्ह निकालानंतरचे सगळे लोड परत मागवायचे. पण सेट ओटीत (शस्त्रक्रियागृहात) उघडला की लेबल रॅपरसोबत कचऱ्यात जातं. मग तो कोणत्या रुग्णाला वापरला, हे कुठून सांगणार? एखादा केसपेपर उचलून त्यावरून मशीन, सायकल नंबर आणि तारीख काढून दाखवा म्हटलं, तर सगळं तिथेच अडतं.

दुहेरी चिकट लेबल कोणी वापरतं का, एक केसपेपरला आणि एक ओटी रजिस्टरला? वाफेत त्याची शाई पुसट होते का? रात्रीच्या तातडीच्या केसमध्ये ते चिकटवायचं कोणी? माझ्या मते सर्क्युलेटिंग नर्सनेच (ओटीत बाहेरची कामं बघणाऱ्या), कारण सर्जनच्या हातात अवजारं देणाऱ्या स्क्रब नर्सला निर्जंतुक हातांनी कागदाला शिवता येत नाही. रिकॉल ड्रिलचा (लोड परत मागवण्याच्या रंगीत तालमीचा) फॉर्म असेल तर कृपया नमुना टाका, रुग्णांची नावं झाकून.