‘आहे’ दिसलं की ‘हॅव’ लावा, हे शिकवणं थांबवायला हवं

संध्याकाळची बॅच

नारायण पेठेतल्या एका खोलीत मी नोकरी करणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी बोलायला शिकवते. साडेसहाची बॅच, एक फळा, वीसेक जण. जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात शाळेतला एक नियम घट्ट बसलेला असतो. मराठी वाक्याच्या शेवटी ‘आहे’ आलं की हॅव किंवा हॅज लावायचं, नाही आलं की साधा भूतकाळ. ‘मी जेवलो’ म्हणजे आय एट, ‘मी जेवलो आहे’ म्हणजे आय हॅव ईटन. झाला पूर्ण वर्तमानकाळ! माझं स्पष्ट मत आहे की हा नियम शिकवणं बंद करावं.

माझ्या बॅचमधली एक परिचारिका गेली पाच वर्षं आयसीयूत काम करते. परदेशातल्या नोकरीसाठी तिची फोनवर मुलाखत झाली. तिच्या मनातलं वाक्य होतं, ‘मी पाच वर्षं आयसीयूत काम केलं.’ त्यात ‘आहे’ नव्हतं, म्हणून ती म्हणाली, ‘आय वर्क्ड इन द आयसीयू फॉर फाइव्ह इयर्स.’ समोरून लगेच प्रश्न आला, मग नोकरी का सोडलीत? ती गडबडली. सोडलीच नाही तर कारण काय सांगणार? पुढची दहा मिनिटं ती जे बोलली ते सारवासारव केल्यासारखं वाटलं असणार. वर्गात हे सांगताना तिचा आवाज बसला होता. काम चोख करणाऱ्या मुलीवर अशी वेळ यावी, याचा मला राग आला.

उलट बाजूही बघा. ‘मी कालच आलोय’ हे मराठीत शंभर टक्के शुद्ध वाक्य आहे. त्यातला ‘आहे’ आलेल्या माणसाबद्दल सांगतो, की तो आला आणि अजून इथेच आहे. ‘काल’ म्हटल्यानं त्याचं काही बिघडत नाही. इंग्रजीत मात्र यस्टर्डे, लास्ट वीक, इन २०१९ अशी संपलेली वेळ वाक्यात आली की हॅवला जागा उरत नाही. ‘आय हॅव कम यस्टर्डे’ चुकतं ते इथे. आपला ‘आहे’ माणसाची आत्ताची स्थिती सांगतो, तर इंग्रजीचा हॅव आधी विचारतो की तुम्ही बोलताय ती वेळ संपली की अजून चालू आहे.

म्हणून मी आधी वेळ लिहायला लावते, क्रियापद नंतर. पुण्यातलंच उदाहरण देते. ‘केसरी वॉज फाउंडेड इन १८८१.’ ‘केसरी हॅज बीन पब्लिश्ड सिन्स १८८१.’ साल तेच, पण पहिल्या वाक्यातली वेळ त्या सालातच मिटली आणि दुसऱ्यातली आजच्या सकाळपर्यंत आली. दुसरं उदाहरण चहाचं. सकाळी दहाला विचारायचं ‘हॅव यू हॅड टी धिस मॉर्निंग’, दुपारी चारला ‘डिड यू हॅव टी धिस मॉर्निंग’. चहा तोच, पण चार वाजता सकाळ संपलेली असते. हे एकदा कळलं की ‘आहे’ शोधत बसावं लागत नाही.

कर्वे रोड

ताई, तुमची तळमळ पटते, पण मुद्दा अजिबात पटत नाही. चाकणच्या एका कारखान्यात मी पंचवीस वर्षं निर्यातीचं काम पाहिलं. ‘आय हॅव सेंट द ड्रॉइंग यस्टर्डे’ असं मी शेकडो वेळा लिहिलं असेल. एकही ड्रॉइंग अडलं नाही, एकही ऑर्डर परत गेली नाही, कारण यस्टर्डे हा शब्दच सगळं सांगून टाकतो. भारतात इतके लोक असं बोलतात की ही आपल्या इंग्रजीची रीत झाली आहे. तिला चूक का म्हणायचं?

आणि नुकसानीचंच म्हणाल तर मी वेगळं पाहिलंय. कारखान्यात डिप्लोमा करून आलेली मुलं मशीनबद्दल मराठीत तासभर बोलतील, पण परदेशी पाहुणा आला की भिंतीला टेकून उभी राहतात. का? तोंड उघडलं की कुणीतरी काळ दुरुस्त करेल ही भीती. अशा मुलाला वेळ मिटली की चालू आहे याचा विचार करून मग बोल म्हणालात, तर तो बोलणारच नाही. त्याला आधी बोलू द्या.

नववीतल्या मुलीची आई

मला दोघांचंही लांबचं वाटतं. परीक्षेत गाळलेल्या जागा येतात, त्यात खुणेचे शब्द दिलेले असतात. यस्टर्डे, अगो दिसलं की साधा भूतकाळ; सिन्स, जस्ट, ऑलरेडी, येट दिसलं की हॅव. मी मुलीकडून हेच पाठ करून घेते आणि तिचे मार्क जात नाहीत. शाळेतल्या मुलाला एवढं पुरतं. घड्याळ आणि सकाळ-दुपार कशाला हवी?

संध्याकाळची बॅच

खुणेचे शब्द मार्क देतात हे खरं. पण तुमची लेक अमेरिकन मालिका बघत असेल तर तिच्या कानावर ‘आय ऑलरेडी एट’, ‘डिड यू ईट येट’ पडतंच असणार. अमेरिकेत हे सर्रास बोलतात. ब्रिटिश वळणात तिथे ‘आय हॅव ऑलरेडी ईटन’ येईल. उद्या तिनं विचारलं की खुणेचा शब्द आहे तरी हॅव का नाही, तर काय सांगाल? सिन्सची खूणही एकटी पुरत नाही. ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स’ हे वाक्य मी रोज ऐकते. शब्द ओळखीचा, पण मनात ‘मी दहा वर्षं राहतोय’ असल्यानं काळ मराठीचाच राहतो.

रानडेत शिकलेली

मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले, म्हणून एक सांगावंसं वाटतं. जर्मनमध्ये ‘इश हाबं इन गेस्टर्न गेझेएन’ म्हणजे शब्दशः ‘मी त्याला काल पाहिलं आहे’ हे अगदी रोजचं वाक्य आहे. फ्रेंचमध्येही बोलताना तीच तऱ्हा. तेव्हा मराठी माणसाची काही खोड आहे असा सूर नको. जर्मन-फ्रेंच या शेजारणींपेक्षा इंग्रजीच इथे वेगळी वागते.

पण तुमच्या शीर्षकाला माझा विरोध आहे. ‘आहे’चा नियम ही शिडी आहे. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि पहिली पिढी शिकणाऱ्या घरात त्या मुलाला मराठीशिवाय कशाचा आधार असणार? ‘जेवलो’ आणि ‘जेवलो आहे’ यांतला फरक त्याला न शिकवता कळतो. तो आधार काढून घेतलात तर हातात उरेल ते फक्त पाठांतर. मराठी सोडू नका, उलट अजून खोल जा.

खडकवासला

मी निवृत्त शिक्षक. व्याकरणाच्या पुस्तकांत आणखी एक वाक्य हमखास सापडतं, की कृतीचा परिणाम आज दिसत असेल तर हॅव. यावर माझा विश्वास राहिलेला नाही, आणि त्याला कारण पानशेत आहे.

१२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा आमचं नदीजवळचं घर गेलं. आम्ही पूरग्रस्तांच्या वसाहतीत आलो आणि तिथलेच झालो. माझ्या आयुष्यावर त्या दिवसाचा परिणाम आजही आहे. आमच्याकडे पितळेचा एकच तांब्या उरला होता, बुडाशी पोचा आलेला, तो अजून देवघरात आहे. आता इंग्रजीत काय म्हणाल? ‘द डॅम बर्स्ट इन १९६१.’ परिणाम कितीही ताजा असो, साल सांगितलं की हॅव गेला. त्या दिवशी सकाळी मात्र धावत येऊन सांगणारा माणूस इंग्रजीत ‘द डॅम हॅज बर्स्ट’ असंच म्हणाला असता. बातमीचं पहिलं वाक्य हॅवचं, मग केव्हा, कुठे, कसं हा तपशील साध्या भूतकाळात. ब्रिटिश वृत्तपत्रांत हा क्रम वारंवार दिसतो. म्हणून ताईंच्या वेळेच्या मुद्द्याला माझा पाठिंबा आहे.

संध्याकाळची बॅच

सर, तांब्याचं वाचून थांबले. तुमची परवानगी असेल तर पानशेतची दोन वाक्यं वर्गात घेईन.

रानडेत शिकलेल्या ताईंचं अर्धं मान्य. पाचवीत शिडी असू दे, पण ती पुढे कुणीच काढत नाही. माझ्याकडे येणारे पंचविशीचे लोक अजून तिच्यावरच उभे असतात. आणि मराठीत खोल जायचं तर भूतकाळाच्या ‘ला’ प्रत्ययाकडेही बघावं लागेल. फोनवर ‘निघालो’ म्हणणारा अजून चप्पल शोधत असतो. ‘आलोच’ म्हणजे अजून यायचंय. रूप भूतकाळाचं, पण घडायचंय पुढे. मग ‘आहे’ नाही म्हणजे साधा भूतकाळ, हे मराठीच्या बाजूनंही टिकत नाही.

कर्वे रोड काका, बोलू द्या हे शंभरदा मान्य. बोलताना मी कुणालाच मध्ये तोडत नाही. पण यस्टर्डे असताना वाक्य निभावतं, कारण तो शब्द सांभाळून घेतो. माझ्या परिचारिकेच्या वाक्यात सांभाळणारा शब्दच नव्हता. वर्क्ड की हॅव वर्क्ड, एवढ्यावरच ती नोकरीत आहे की नाही हे ठरत होतं. गेल्या आठवड्यात तिनं फळ्यावर नवं वाक्य लिहिलं, ‘आय हॅव वर्क्ड इन द आयसीयू फॉर फाइव्ह इयर्स’, आणि खडू खाली ठेवता ठेवता स्वतःच पुढे जोडलं, ‘अँड आय स्टिल डू.’ नुसतं हॅव वर्क्ड हे पूर्वी कधीतरी पाच वर्षं काम केलेला माणूसही म्हणू शकतो, हे तिच्या तिलाच सुचलं.

कर्वे रोड

परिचारिकेचं पटलं. तिथे अर्थच बदलतो, तिथे शिकवायलाच हवं. यस्टर्डेबद्दल माझं मत कायम आहे. तुमच्या बॅचला एखाद्या शनिवारी आमच्या कारखान्यातली चार मुलं पाठवली तर चालतील का? त्यांना आधी फक्त बोलतं करा.

संध्याकाळची बॅच

चालतील. साडेसहाला, आणि थोडं आधी आले तर चहा होईल.