सत्तरीच्या आत टावी नको, असं माझं मत आहे

पाणंद : आतोबांचं वय ६६. महाधमनीचा व्हॉल्व्ह कॅल्शियम साचून अरुंद झालाय. छाती न उघडता मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून नवा व्हॉल्व्ह बसवू (यालाच टावी म्हणतात), तिसऱ्या दिवशी घरी, असं डॉक्टर म्हणाले आणि घरात सगळ्यांनी मान डोलावली. माझा विरोध आहे. ऐंशीच्या पुढे टावीच करावी, त्यात वाद नाही. पण आतोबा अजून पंधरा-वीस वर्षं जगावेत अशी आमची इच्छा आहे, आणि प्राण्याच्या पेशींचा व्हॉल्व्ह तेवढा टिकेलच असं नाही. मग दुसऱ्या वेळी काय? त्यावर कोणी बोलतच नाही.

कमी जोखमीच्या रुग्णांवरची पार्टनर ३ चाचणी सगळे दाखवतात. मृत्यू, पक्षाघात किंवा पुन्हा ॲडमिट होणं, हे सगळं धरून पहिल्या वर्षी टावीत ८.५ टक्के, छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत १५.१. पाच वर्षांनी तेच आकडे २२.८ आणि २७.२, म्हणजे ठोस म्हणावा असा फरक उरला नाही. नुसते मृत्यू पाहिले तर १० आणि ८.२. हाही फरक ठोस नाही, पण सुरुवातीची आघाडी कुठे गेली?

कॅथलॅबवाली : टावी जिथे करतात त्या कॅथलॅबच्या टेबलाशेजारी बारा वर्षं उभी आहे, म्हणून लिहिते. सुरुवातीची नळी २४ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप), म्हणजे ८ मिलिमीटर जाड. मांडीची रक्तवाहिनी फाटेल म्हणून जीव मुठीत धरून काम चालायचं. आता १४ फ्रेंच, पाच मिलिमीटरच्याही आत. व्हॉल्व्हच्या कडेने रक्त गळायचं, तिथे बाहेरून कापडी झालर आली. परवा एक आजी टेबलावर जाग्याच होत्या. व्हॉल्व्ह उघडून झाला तरी विचारत होत्या, "सुरू कधी करणार गं?"

आणि टिकण्याचं म्हणाल तर डेन्मार्क-स्वीडनची नोशन चाचणी बघा. दहा वर्षांनी व्हॉल्व्ह गंभीर खराब झालेले टावीत १.५ टक्के, शस्त्रक्रियेत १०.

पाणंद : ताई, नोशनमधल्या रुग्णांचं सरासरी वय ७९ होतं. दहा वर्षांत दोन्ही गटांतले साठ टक्क्यांहून जास्त लोक वारले. व्हॉल्व्ह खराब व्हायला माणूस जिवंत तर हवा! तो आकडा ६६ वर्षांच्या माणसाला कसा लावायचा?

टाक्यांचा माणूस : माझी शस्त्रक्रिया ६३व्या वर्षी झाली. खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायची. दीड महिना पाण्याची बादली उचलायची बंदी. तरीही माझं मत पाणंद यांच्या बाजूनेच. माझ्या सर्जनने व्हॉल्व्हची जागाच रुंद करून मोठा व्हॉल्व्ह बसवला, पुढे त्याच्या आत टावी बसावी म्हणून. क्रम उलटा झाला तर अवघड. टावीच्या व्हॉल्व्हची धातूची जाळी महाधमनीला चिकटते, ती काढायची शस्त्रक्रिया फार जोखमीची.

कॅथलॅबवाली : काका, तुमचा क्रम पटतो, पण प्रत्येकाचं शरीर छाती उघडणं सोसत नाही. मूत्रपिंड, फुप्फुसं बघावी लागतात. अमेरिकेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ ते ८० या वयात दोन्ही पर्याय रुग्णासमोर ठेवून ठरवायला सांगितलंय. युरोपात २०२५ मध्ये टावीला पसंती द्यायची वयाची रेघ ७० वर आणली, आधी ती ७५ होती. नुसत्या वयावरून "नको" म्हणणं मला मान्य नाही.

पेसमेकरचा मुद्दा मात्र कोणी काढला नाही, तो मीच काढते. फुग्याने न फुगवता स्वतः उघडणाऱ्या टावी व्हॉल्व्हच्या २०१९ च्या चाचणीत महिन्याभरात १७.४ टक्के रुग्णांना तो लागला, शस्त्रक्रियेत ६.१. आता व्हॉल्व्ह थोडा वर बसवतात, त्याने प्रमाण घटलंय, पण संपलेलं नाही.

पाणंद, आतोबांच्या सीटी स्कॅनमध्ये कोरोनरीची, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांची तोंडं व्हॉल्व्हच्या कड्यापासून किती उंचीवर आहेत? व्हॉल्व्ह दोन पाकळ्यांचा आहे की तीन? दोन पाकळ्यांचे रुग्ण त्या मोठ्या चाचण्यांत घेतलेच नव्हते. आणि दुसरा व्हॉल्व्ह पहिल्याच्या आत बसेल का, हे त्या उंचीवर बरंच अवलंबून असतं.

पाणंद : सीटी झालंय, यातलं काहीच विचारलं नाही. माझं मत बदललेलं नाही, पण सोमवारी फाईल घेऊन जातो. सर्जनचीही वेळ मागितली आहे.